बेबीताईंच्या मानेची सोनोग्राफी

बेबीताई टेबलावर आडव्या होत्या. मान मागे झुकलेली, गळ्यावर जेल. पुण्याहून आलेला कंपनीचा इंजिनिअर मला नव्या मशीनची बटणं समजावून सांगत होता.

"बाप्पा, हे इतकं थंड असते?" बेबीताई छताकडे बघत म्हणाल्या. "अकरा वर्षं झाले, मी लोकाइले सांगून राहिली का काईच वाटत नाई."

मी अमरावतीत सोनोग्राफी सेंटर चालवते. बेबीताई माझ्याकडे अटेंडंट आहेत. पेशंटला आत आणणं, टेबलावर नीट झोपवणं, शेवटी जेल पुसायला टॉवेल देणं आणि बाहेर बसलेल्यांना दम देणं, ही सगळी कामं त्यांची. हिवाळ्यात जेलची बाटली गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवायचं कामही त्यांचंच. त्या शनिवारी त्या स्वतःच टेबलावर असल्यामुळे बाटली गंजात ठेवायला कोणी नव्हतं.

नवी मशीन आली की कंपनीचा माणूस एक दिवस येऊन ती शिकवतो. त्याला एक जिवंत माणूस लागतो. आमच्या धंद्यात अशा वेळी मानच पुढे करायची पद्धत आहे. कारण सोपं आहे. थायरॉइडची ग्रंथी गळ्याच्या खालच्या भागात, कातडीच्या अगदी जवळ असते. प्रोब टेकवला की लगेच दिसते. कपडे काढायला नकोत, उपाशी राहायला नको. मागच्या मशीनच्या वेळीही मान बेबीताईंचीच होती. आमच्याकडची ती घरची मान. या वेळीही इंजिनिअरने विचारायच्या आत त्या गळ्यातली पोत काढून डब्यात ठेवून टेबलावर चढल्या होत्या.

इंजिनिअर पोरगा हुशार होता, पण तोंड चालू ठेवायची त्याला सवय होती. "मॅडम, हे झूम. हे फ्रीझ. इथे कलर, म्हणजे रक्ताचा फ्लो दिसतो. आता मी राइट लोबवर येतो."

ग्रंथीच्या त्या उजव्या भागावर तो आला आणि आम्हा दोघांनाही ती एकदमच दिसली. गाठ. सुपारीपेक्षा थोडी मोठी. इंजिनिअरने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते परत मिटलं. आमच्याकडे पेशंटच्या डोक्यावर उभं राहून "अरे वा" म्हणायचं नसतं. बोलता येईना म्हणून तो मग हातानेच दाखवत सुटला. गाठीवर कर्सर नेला, आडवं माप घेतलं, उभं घेतलं, नव्या पद्धतीने घेतलं, जुन्या पद्धतीने घेतलं. प्रत्येक मापाला मशीन टुक् करत होती.

माझं लक्ष गाठीवर होतं. दिसायला साधी वाटत होती. पण तिची खालची कडा गळपट्टीच्या हाडाच्या आड जात होती, आणि मशीनचं सगळं सेटिंग त्या पोराच्या मनासारखं होतं. मला ती शांतपणे, माझ्या हाताने बघायची होती. अशी गोष्ट पेशंटला एकटं असताना सांगायची नाही, हा माझा जुना नियम. एकटा माणूस अर्धं ऐकतो आणि उरलेलं अर्धं स्वतः तयार करतो. घरचं कोणी बसलेलं असलं की दोघं मिळून पूर्ण ऐकतात. म्हणून मी विचारलं, "बेबीताई, सोबत कोण आहे तुमच्या?"

त्यांनी पडल्या पडल्याच डोळे दाराकडे वळवले. मग म्हणाल्या, "कोनी नाई मॅडम. एकटीच आहो."

ते मला ठाऊक असायला हवं होतं. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत. पण तेवढ्यात फरहीन, म्हणजे आमची रिसेप्शनिस्ट, दार उघडून म्हणाली की धारणीहून जीपमधून एक बाई आणली आहे, पोटात फार दुखतंय, दुसऱ्या खोलीत झोपवली आहे. मी हातमोजे चढवत बेबीताईंना म्हणाले, "आपण नंतर बोलू."

डॉक्टरने पेशंटला म्हणू नयेत अशी जी वाक्यं आहेत, त्यांत हे फार वर येईल. मी ते चालता चालता म्हटलं.

धारणीच्या बाईचं अपेंडिक्स निघालं. तिला सर्जनकडे पाठवेपर्यंत पाच वाजले. बाहेर आले तर इंजिनिअर सर्टिफिकेटवर माझी सही घ्यायला उभा होता आणि बेबीताई गेलेल्या होत्या. फोन लावला, बंद. त्यांचा फोन महिन्यातले पंधरा दिवस चार्जिंगवाचून बंदच असतो. रविवारी पुन्हा लावला, बंद. मी मनात म्हटलं, सोमवारी सांगू, काही घाई नाही. घाई खरंच नव्हती. घाई नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, एवढीच अडचण होती.

सोमवारी बेबीताई आल्या नाहीत. अकरा वर्षांत न सांगता सुट्टी ही पहिलीच. मी सोनोग्राफीच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी चिकटवलेली. बेबीताईंचं ठळक, गोल अक्षर. 'जेल. संपायच्या आधी सांगणे, संपल्यावर नाही.' 'टॉवेल. आधी जुने वापरणे.' 'म्हाताऱ्या माणसाला टेबलावरून उठवताना कुशीवर घेणे, हात ओढणे नाही.' आणि चहाच्या डब्यावर, 'मॅडम साखर कमी सांगतात. नेहमीची टाकणे. समजत नाही.'

अकरा वर्षं मी बिनसाखरेच्या जवळपास जाणारा चहा पिते आहे असं समजून मैत्रिणींना उपदेश करत होते. तो विषय मी बाजूला ठेवला.

"फरहीन, हे काय चाललंय?"

फरहीन आधी रजिस्टरमध्ये बघत राहिली. मग डोळे पुसले. "मॅडम, त्या शनिवारी थांबून लिहून गेल्या. मले चाव्या देल्या. म्हणे, नवीन बाई येईल तिले समजलं पायजे. तुमाले सांगू नको म्हणे."

"कसली नवीन बाई? त्या कुठे गेल्या?"

"अकोल्याले. बहिणीकडे. काल सकाळी स्टँडावरून दुसऱ्याच्या फोनवरून सांगतलं मले."

आता मी खुर्चीवर बसले. बेबीताई आणि त्यांची अकोल्याची धाकटी बहीण लता, यांचं चार वर्षांपासून बोलणं बंद आहे हे आमच्या सेंटरच्या भिंतींनाही माहीत होतं. लताच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका छापून आली, त्यात लताच्या जावा, नणंदा, नणंदांचे नवरे, झाडून सगळे होते. एकुलत्या एक सख्ख्या मावशीचं नाव नव्हतं. प्रेसवाल्याकडून सुटलं, असं लता म्हणाली. प्रेसवाल्याकडून नणंदा कशा नाही सुटल्या, असं बेबीताई म्हणाल्या. झालं. लग्नाला गेल्या नाहीत. त्यानंतर एकमेकींचा फोन नाही.

"बहिणीकडे? कशाला?"

"मॅडम, तुमीच तर इचारलं त्याइले, सोबत कोण आहे म्हणून."

"मग?"

फरहीनने रजिस्टर मिटलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी ते ज्याले काई मोठं निघते त्यालेच इचारता. बाकी कोनालेच नाई इचारत. आमाले दोघींले माहीत हाय."

मला ते माहीत नव्हतं. वीस वर्षं ज्या वाक्याला मी माझी माणुसकी समजत होते, ते माझ्या स्टाफच्या दृष्टीने निकालपत्र होतं. मी ते विचारलं की फरहीन पाण्याचा ग्लास भरून ठेवायची आणि बेबीताई पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, किती छान ट्रेन झाल्या आहेत दोघी.

मी परत फोन लावला. या वेळी रिंग गेली. पलीकडून खणखणीत आवाज आला, "कोण?"

"मी बेबीताईंच्या सेंटरमधून डॉक्टर बोलतेय."

"असं. तुमीच का त्या." ही लता होती. "बाई, दोन दिवस झाले, इथी पोळी नाई खाल्ली तिनं. घरात आली अन् माह्या पायाच पडून राहिली. मोठी बहीण हो. काय निघालं तिले, सांगा एकदाचं."

"अजून काहीच निघालेलं नाही. एक गाठ आहे, मला ती नीट बघायची आहे. घाबरायचं कारण आत्ता तरी दिसत नाही."

"मंग तिले काहून नाई सांगतलं?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. "उद्या घेऊन या. तुम्हीही या."

"मी तर येतोच," लता म्हणाली. आमच्याकडच्या काही बायका पुरुषांसारखं 'येतो, जातो'ही बोलतात, चिडल्या की जास्तच.

मंगळवारी साडेदहाला दोघी राजापेठला एसटीतून उतरून आल्या. लताच्या हातात भरताचा डबा, बेबीताईंच्या हातात काहीच नाही. चेहरा उतरलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कप्प्यांवरच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मी बाटली आधीच गंजात ठेवली होती.

"बेबीताई, आज सगळं सुरुवातीपासून. जसं तुम्ही लोकांना सांगता तसं मी तुम्हाला सांगणार."

"मले माहीत हाय मॅडम."

"तुम्हाला माहीत आहे तेच तर चुकलंय. झोपा."

मानेच्या सोनोग्राफीत काय होतं, हे वाचणाऱ्यांसाठीही सांगून टाकते. उपाशी यायची गरज नाही. पोटभर पाणी पिऊन यायचीही गरज नाही. तो पोटाच्या खालच्या भागाच्या सोनोग्राफीचा नियम आहे. मागच्याच महिन्यात अंजनगावचे एक काका मानेच्या सोनोग्राफीसाठी दोन बाटल्या पाणी पिऊन आले आणि नंबर येईपर्यंत दारात पाय आवळून उभे राहिले. गळ्यातलं काढून ठेवायचं, गळ्याशी सैल असलेला कपडा घालायचा. टेबलावर पाठीवर झोपवतात आणि खांद्यांखाली उशी देतात, डोक्याखाली नाही. त्याने मान मागे जाते आणि गळा समोर येतो. ज्यांची मान आखडते त्यांनी आधी सांगावं. मग जेल. जेल औषध नाही. प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहू नये एवढंच त्याचं काम. प्रोब म्हणजे साबणाच्या वडीएवढा तुकडा, त्यातून आवाजाच्या लहरी जातात आणि परत येतात. एक्स-रेसारखे किरण नाहीत, दुखत नाही, थोडा दाब जाणवतो. मध्येच डोकं उजवीकडे-डावीकडे वळवायला सांगतात, कधी थुंकी गिळायला सांगतात. बाकी वेळ बोलायचं नाही, कारण बोललं की ग्रंथी हलते. दहा-पंधरा मिनिटांत संपतं.

मी प्रोब ठेवला. लता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"आता मी मापं घेणार," मी म्हणाले.

"सात," बेबीताई म्हणाल्या.

"काय सात?"

"सात टुक्. उजवीकडचे तीन, डावीकडचे तीन, मधातलं एक. सात झाले का माणूस घरी जाते. दहा झाले का गाठ असते. शनिवारी मी मोजले. सतरा झाले होते." त्या छताकडे बघत होत्या. "सतरा म्हणजे मॅडम, मी कधी ऐकलेच नाई."

माझ्या हातातला प्रोब थांबला. बाईचं बरोबर होतं. थायरॉइडचे दोन भाग, प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी, आणि दोघांना जोडणाऱ्या पट्टीची जाडी. सात मापं. एक गाठ असली की तिची तीन, म्हणजे दहा. टॉवेल धरून उभं राहता राहता त्यांनी हे स्वतःच शोधून काढलं होतं. फक्त तो पोरगा नवी मशीन दाखवायच्या हौसेने एकाच गाठीचं तेच माप पुन्हा पुन्हा घेत होता, हे टेबलावरून दिसत नव्हतं.

"बेबीताई, त्यातले सात तुमचे, तीन गाठीचे आणि बाकीचे त्या पोराच्या सेल्सचे."

लता हसली, मग जीभ चावली. बेबीताई हसल्या नाहीत.

मी गाठीवर आले. "गिळा." ग्रंथी वर सरकली आणि शनिवारी लपलेली खालची कडा हाडाच्या आडून बाहेर आली. गोल, स्वच्छ. मी थांबून सगळीकडून बघितली.

थायरॉइडच्या गाठीला आम्ही गुण देतो. शाळेच्या उलट, इथे शून्य सर्वांत चांगलं. गाठ भरीव असली, आजूबाजूपेक्षा काळी दिसली, आडवी असण्याऐवजी उभी वाढली, कडा वेड्यावाकड्या असल्या, आत पांढरे बारीक ठिपके दिसले, तर गुण वाढत जातात. गुण वाढले आणि गाठ मोठी असली की सुईने थोड्या पेशी काढून तपासायला पाठवतात. बेबीताईंची गाठ आतून सगळी बारीक छिद्रांची होती, अनारशासारखी जाळीदार. अशा गाठीचा गुण शून्य. मग मी मानेच्या दोन्ही बाजूंनी वरून खालपर्यंत प्रोब फिरवला, तिथे प्रत्येकालाच असतात त्या लसिकेच्या बारीक गाठी बघितल्या. त्याही ठीक होत्या. मला इतकं बरं वाटलं की दोन मिनिटं काही बोलायचंच राहिलं.

"बोला न मॅडम," लता म्हणाली. "तुमी गप्प झाल्या का भेव वाटते."

हेही शिकून घेतलं. "साधी गाठ आहे. कॅन्सरची लक्षणं यात एकही नाही. सुई नको, ऑपरेशन नको. एक रक्ताची टेस्ट करू, कारण ग्रंथी काम कशी करते हे फोटोत दिसत नाही. अशा गाठी कितीतरी बायकांना असतात, त्यांना आयुष्यभर कळतसुद्धा नाही."

बेबीताई उठून बसल्या. टॉवेल द्यायला कोणी नव्हतं, तो लताने दिला. गळा पुसता पुसता त्या थांबल्या.

"म्हणजे मी मरून नाई राहिली?"

"इतक्यात नाही."

त्यांनी टॉवेलची घडी घातली, ती उलगडली, परत घातली. मग बहिणीकडे वळल्या. "मंग मी हिची माफी काहून मागतली?"

"मागतली ते मागतली," लता म्हणाली. "आता वापस नाई भेटत."

"पत्रिकेत नाव तुह्यानं सुटलं होतं."

"पाया तू पडली."

मी तिथून निघून जायला बघत होते, तर बेबीताईंनी माझा हात धरला. डोळे भरले होते. "मॅडम, तुमी इचारलं सोबत कोण हाय, अन् मले एक नाव नाई सुचलं. पोरगा तिकडे पुण्याले. घरी जाऊन बसली तं इचार केला, उद्या हॉस्पिटलात फॉर्मवर कोणाचं नाव टाकू. रात अशीच गेली. सकाळची पहिली गाडी धरली अकोल्याची." मग टॉवेलने नाक पुसून म्हणाल्या, "ते भरीत गरम करा लागते. थंडं चांगलं नाई लागत."

भरीत आम्ही चौघींनी पुढच्या खोलीत बसून खाल्लं. दोघी बहिणी पत्रिकेवरून भांडतच होत्या, पण एका ताटात जेवत होत्या. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, नॉर्मल. बेबीताईंनी कप्प्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने खरवडून काढल्या. चहाच्या डब्यावरची मी आधीच काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. साखर नेहमीचीच चालू आहे.

या प्रकरणातून मी एक गोष्ट बदलली. 'सोबत कोण आहे?' हा प्रश्न मी आता प्रत्येक पेशंटला, तो आत येतानाच विचारते. पोटदुखी असो, मुतखडा असो, मान असो. बेबीताई बाहेर आधीच सांगून ठेवतात, "मॅडम इचारतीन सोबत कोण आलं म्हणून. भेवाचं नाई, ते सगळ्याइलेच इचारतात." जेल थंड असतं, हेही त्या आता खरं सांगतात. आणि मशीनचा टुक् आवाज मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केला. तो बंद करता येतो, हे त्या इंजिनिअरने शनिवारी शिकवलं होतं, माझं लक्ष नव्हतं.

यंदाच्या हिवाळ्यात वर्ष झालं. तशी गाठ परत बघायची सक्ती नव्हती, पण बेबीताईंनी स्वतःच रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, नंबर लावला, इतर पेशंटांसारख्या बाकावर बसल्या. नाव पुकारल्यावर आत आल्या आणि पोत काढून डब्यात ठेवली.

मी सवयीने विचारलं, "सोबत कोण आहे?"

"बहीण," बेबीताई म्हणाल्या आणि टेबलावर चढल्या. "बाहेर बसली हाय. पंखा बंद करा म्हणून फरहीनशी भांडून राहिली."